कंपनीच्या वतीने

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी सकाळीच गीताबाईने निरोप धाडला. जेवायला येऊ, पण भूपेंद्र ज्या पंगतीत असेल त्या पंगतीत आमचे हे बसणार नाहीत.

निरोप घेऊन आलेली शेजारची चंदा दारातच थांबली होती. दुर्पताबाईने कढईतला वडा उलटला आणि म्हणाली, "सांग तिले, पंगती दोन लावीन. पन या म्हना."

एका भिंतीपलीकडे राहणारी जाऊ असा निरोप पाठवते, याचं तिला आता नवल वाटत नव्हतं. भादव्यापासून हेच चाललं होतं. भादव्यात पावसाने झड लावली आणि त्या झडीत कंपनीच्या टाकाऊ पाण्याच्या तळ्यातलं काळं पाणी नाल्यात सुटलं, नाल्यातून गावच्या मामा तलावात, जुन्या मालगुजारी तलावात गेलं. दुसऱ्या दिवशी तलावावर मेलेल्या मासोळ्यांचा पांढरा थर तरंगत होता. मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी टाकलेलं सगळं मत्स्यबीज गेलं. गीताबाईच्या नवऱ्याच्या, सुकरामच्या, दोन म्हशी ते पाणी प्यायल्या आणि गोठ्यापर्यंत आल्याच नाहीत, तलावाच्या पारीवरच, बांधावरच आडव्या झाल्या. तलावाखालच्या विहिरींचं पाणी अजूनही आंबूस लागत होतं. आणि पाणी सुटलं तेव्हा कंपनीत ड्यूटीवर होता भूपेंद्र. दुर्पताबाईचा थोरला, सुकरामचा पुतण्या.

यातलं काही लपून राहिलेलं नव्हतं. अर्धं हिरडाटोला गाव कंपनीत कामाला. कोण कोणत्या शिफ्टला होतं हे कोणालाही ठाऊक असायचं. कंपनीने तहसीलला कळवलं की अतिवृष्टीमुळे तळ्याचा बांध झिरपला. सुकरामने पुतण्याला अंगणात उभं करून विचारलं, तेव्हा भूपेंद्र एवढंच म्हणाला, "काका, मले जे सांगितलं ते मी केलं." त्या दिवसापासून सुकराम त्याच्याशी थेट बोलला नाही. समोर आला तर तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलायचा.

कंपनी तांदळाच्या कणीपासून इथेनॉल बनवायची. ती गावात आली तेव्हा जमीन द्यायला सगळ्यात पहिला पुढे झाला होता धनसिंग, दुर्पताबाईचा नवरा. भूमिपूजनाचा नारळ त्याच्या हाताने फुटला होता. त्याचा फोटो आजही कंपनीच्या फाटकाजवळच्या खोलीत लावलेला आहे, असं भूपेंद्र सांगायचा. धनसिंगला त्याचं अप्रूप होतं आणि ते तो लपवतही नव्हता. यंदा मंडईच्या नाटकाचा मंडपही कंपनीनेच दिला होता. स्टेजच्या वर तिचं नाव एवढं मोठं होतं की नाटकाचं नाव खाली कोपऱ्यात लिहावं लागलं होतं.

दहाच्या सुमाराला लेक प्राची स्कूटीवरून आली. लग्न होऊन ती कुडव्याला राहत होती. गोंदियाच्या ऑफिसात कंपनीच्या समाजकामाच्या विभागात ती नोकरीला होती. शाळांना दप्तरं वाटणं, डोळ्यांची शिबिरं भरवणं, असलं काम. हेल्मेट काढता काढताच ती म्हणाली, "माय, एक पान वाढवजो. देवानंद सर येऊन राहिले जेवाले."

"भूपेंद्रचे साहेब?"

"हो. त्यांनीच विचारलं, येऊ का म्हनून. मले वाटते काकांशी त्यांना बोलाचं आहे. म्हशींचं काही करतील. परवा जनसुनावणी आहे ना, त्याच्या आधी मिटलं तर बरं."

जनसुनावणी कंपनीच्या दुसऱ्या युनिटसाठी होती. शाळेच्या मैदानात मंडप पडणार, जिल्ह्याचे अधिकारी येणार, गावाला काय म्हणायचं ते ऐकून घेणार. सुकराम महिनाभर त्याचीच तयारी करत होता.

दुर्पताबाईने दुसऱ्या पंगतीत एक पान वाढवलं. मग विचार करून तेच पान पहिल्या पंगतीत धरलं. साहेब आला तर सुकराम त्याच्यासमोर बसलेला बरा, असं तिला वाटलं.

*

सुकराम आला तो जेवणाआधीच वादाला बसला. बाहेर रस्त्यावरून गोवारी गुराख्यांची ढाल, सणाची सजवलेली काठी, वाजतगाजत चालली होती. ओसरीवर बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागत होता, आणि सुकरामला त्यासाठी कारण नको होतं.

"दादा, त्या मंडपावरचं नाव पाहिलं काय? लोकाईचं पानी नासवलं आनि आता लोकाईले नाटक दाखवून राहिले."

"नाटक तुले पाहाचं नसन तं नोको पाहू," धनसिंग म्हणाला. तो खाटेवर पाय घेऊन बसला होता. "पन एक सांग. कंपनी यायच्या आधी गावातले पोट्टे कुठी जात होते? सुरत, नागपूर. दिवाळीले येत आनि होळीले तोंड दाखवत. आज घरी झोपते का नाई? तुह्या गीताले साप चावला तेव्हा गाडी कोनाची आली?"

"कंपनीची."

"मंग."

"मंग काय? एका हातानं औषध देते आनि दुसऱ्या हातानं जहर. राक्षस आहे तो, दादा. पुराणातला राक्षसबी वर द्याचा."

"काका, असं नाही हो," प्राची म्हणाली. ती माजघराच्या उंबऱ्यात बसून सलाद चिरत होती. ऑफिसात बोलून बोलून तिची भाषा थोडी शहरी झाली होती. "कंपनी काही राक्षस नाही, आनि देव पन नाही. कंपनी म्हंजे कोन? मी आहे, भूपेंद्र आहे, गेटवरचा चंद्रकुमार आहे. आम्ही सगळे वाईट आहोत का?"

"तू नाई वाईट."

"मंग कोन वाईट आहे?"

भूपेंद्र अंगणात पाण्याची टाकी भरत होता. सुकरामने त्याच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहून म्हणाला, "तेच तं समजून नाई राहिलं. एक माणूस असता तं त्याची कॉलर धरली असती. तिथी गेलो तं सारे भले माणसं. चहा पाजते, खुर्ची देते. आनि म्हशी मेल्या त्या मेल्या."

दुर्पताबाई हे स्वयंपाकघरातून ऐकत होती. दोघांचंही तिला पटत होतं. गीताबाईला घेऊन गेलेली गाडी तिने पाहिली होती, तिच्यात ती स्वतः बसून गेली होती. आणि पारीवर पडलेल्या म्हशीही पाहिल्या होत्या. त्या म्हशींचं दूध भूपेंद्र आणि प्राची लहानपणी प्यायलेले नव्हते, पण त्या म्हशींच्या आयांचं प्यायले होते. एकाच कंपनीने दोन्ही केलं होतं, आणि एकाने दुसरं फिटत नव्हतं.

गीताबाई मागच्या दाराने आत आली. पाट्यावरची चटणी वाटायला बसली. निरोपाचा विषय दोघींनीही काढला नाही.

*

देवानंद साहेब एकटाच आला, स्वतःची मोटारसायकल चालवत. चाळिशीचा, अंगाने सडपातळ, बोलायला मऊ. तो मूळचा अर्जुनी मोरगावकडचा, शेतकऱ्याच्याच घरचा. दारात चपला काढल्या, धनसिंगच्या पाया पडला, सुकरामला हात जोडले. दुर्पताबाईला तो मावशी म्हणाला आणि वडे मागून घेतले. अशा माणसाचा राग धरणं कठीण होतं. सुकरामलाही ते जड जात होतं, हे त्याच्या जेवणावरून दिसत होतं.

पंगत एकच झाली. भूपेंद्र वाढत होता, त्यामुळे कोणाला काही म्हणायची पाळी आली नाही.

हात धुऊन झाल्यावर देवानंदने सुपारी घेतली नाही. तो म्हणाला, "धनसिंग काका, एक गोष्ट बोलायची होती. भूपेंद्र, तू पण बस इथे."

भूपेंद्र खांबाला टेकून बसला.

"कंपनीने भादव्यातल्या त्या प्रकाराची चौकशी केली," देवानंद म्हणाला. आवाज अगदी साधा होता, उद्याच्या शिफ्टबद्दल सांगावं तसा. "चौकशीत असं निघालं, की शिफ्टवरच्या ऑपरेटरने घाबरून आपल्या मनाने व्हॉल्व उघडला. मानवी चूक. परवा सुनावणीत कंपनी तसं सांगणार आहे. लोकांची माफी पण मागणार."

सुकरामच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "ऑपरेटर म्हंजे?"

"भूपेंद्र," प्राची म्हणाली. तिचा हात तोंडावर गेला होता. "सर, तुम्ही मला म्हनाले होते, काकांशी बोलाचं आहे."

"सगळ्यांशीच बोलायचं होतं, प्राची. पोलिसांत काही जाणार नाही. ते मी पक्कं करून घेतलंय. त्याला दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला पाठवणार, वरच्या पोस्टवर. दोन वर्षांनी इकडे कोणाला आठवणार पण नाही. त्याने फक्त सुनावणीत उभं राहायचं नाही. गप्प बसायचं. बस, एवढंच."

ढाल आता गावाच्या त्या टोकाला पोचली होती. बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ विमान घरावरून घरघरत गेलं.

"मी आपल्या मनानं उघडला?" भूपेंद्रने विचारलं. "सर, तुम्ही फोनवर काय म्हनाले होते?"

"उघड म्हणालो होतो," देवानंद म्हणाला. त्याने नाकारलं नाही, आणि दुर्पताबाईला हे फार विचित्र वाटलं. "नसता उघडला तर बांध फुटला असता. खालची टोली, ती सगळी वस्ती वाहून गेली असती. तुला माहीत आहे."

"ते खरं आहे. पन तळं भरलं म्हनून मी पोळ्याच्या आधीपासून सांगून राहिलो होतो. चार दिवस प्लांट बंद ठेवा म्हनलं होतं."

"आणि मी ते वर सांगितलं होतं. माझ्या साहेबाने त्याच्या साहेबाला सांगितलं."

"मंग?" सुकरामने विचारलं.

देवानंदने चष्मा काढून रुमालाने पुसला. "मग फोनवर मीटिंग झाली. खूप लोक होते, काही मुंबईतून, काही कुठून. मी सांगितलं की तळं काठोकाठ आहे, प्लांट थांबवायचा का. कोणी बोललंच नाही. मला वाटलं आवाज गेला. मग कोणीतरी म्हणालं, पुढचा विषय घेऊ. आणि पुढचा विषय घेतला."

"थांबवू नोका, असं कोन म्हनलं?"

"कोणीच नाही, काका."

धनसिंगने घसा खाकरला. इतका वेळ तो खाटेच्या दोऱ्या चाचपत होता. "साहेब म्हंते ते ऐकाव," तो भूपेंद्रकडे न पाहता म्हणाला. "दोन दिवस नाव खराब होईन. पोस्ट मोठी भेटन. इथी उभा राहून काय बोलनार तू? कंपनीशी भांडून या गावात कोन राहिला?"

आणि तेव्हा, भादव्यानंतर पहिल्यांदा, सुकरामने पुतण्याचं नाव घेतलं. "भूपेंद्र," तो म्हणाला, "तू गप्प बसशीन तं म्हशी तूच मारल्या असं होईन. मी इतके दिवस तेच म्हनत होतो. माहं चुकलं."

"काका..."

"दादाचं नोको ऐकू. दादाले फोटोचं पडलं आहे."

धनसिंग ताडकन उठला. "माही जमीन गेली त्याच्यात. तुही नाई गेली. तू बोलशीन."

दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले. प्राची मध्ये आली आणि तिला रडू आलं. सासू वारली तेव्हाही दुर्पताबाईने या घरात असं भांडण पाहिलं नव्हतं. ती उंबऱ्यावरून उठली. हात पिठाचे होते, ते तिने पदराला पुसले.

"साहेब," ती म्हणाली, "मले एक सांगा. मी शिकली नाई, पन इचारते."

"विचारा ना, मावशी."

"माहे सासरे होते बकाराम. तुम्ही पाहिले नसन. त्याइच्या गड्यानं धानाच्या बांधीतली तणस पेटवली आनि वारा सुटला. ढिवराचं घर जळलं. सासरे तव्हा तिरोड्याच्या बाजारात होते. गडी म्हने, माही चूक झाली. सासऱ्यानं त्याले काई म्हनलं नाई. आपल्या बनातले बांबू तोडले आनि सोता जाऊन घर बांधून दिलं. घर होईपर्यंत या ओसरीवर बसून जेवले नाई. शरम वाटे म्हने लोकाईसमोर ताट घ्याले." ती थांबली. "हे मोठं घर होतं. घरात चांगले होते, वाईटबी होते. पन काई झालं तं शरम वाटनारा कोनी तरी होता. तुमची कंपनी तं याहून मोठी आहे. तिच्यात शरम कोनाले वाटते? तो माणूस कुठी बसते?"

देवानंदने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"मला वाटते, मावशी," तो शेवटी म्हणाला.

"तुमाले वाटते. माह्या पोराले वाटते, तो भादव्यापासून नीट जेवून नाई राहिला. तुमच्या वर?"

"वरचं मला माहीत नाही. मी त्यांना कधी पाहिलंच नाही."

"मंग हे बरोबर नाई," दुर्पताबाई म्हणाली. "चांगला पैसा वर जाते, शरम खाली येते. खाली येत येत ज्याच्यापुढे कोनीच नाई त्याच्या अंगावर पडते. तो माहा पोरगा आहे. हे मी नाई होऊ देनार."

तिने आवाज चढवला नव्हता. पण धनसिंग परत खाटेवर बसला.

भूपेंद्र उठून साहेबासमोर आला. "सर, मी बोलीन. व्हॉल्व मी उघडला ते सांगीन. आनि तुमचं नाव घ्यावं लागन."

देवानंदचा चेहरा उतरला. "माझी मुलगी नागपूरला शिकते, भूपेंद्र. माझं नाव घेतलंस तर मी त्याच दिवशी बाहेर."

"मले माहीत आहे."

"तुमचं नाव घेतल्यावर तुमीबी तुमच्या वरच्याचं घ्या," सुकराम म्हणाला. भांडणाचा सूर आता त्याच्या आवाजात नव्हता. "कुठी तरी जाऊन थांबनच ना ते."

देवानंदने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. जाताना तो परत धनसिंगच्या पाया पडला. मोटारसायकल सुरू व्हायला बराच वेळ लागला, आणि सुकरामनेच मागून धक्का दिला.

*

सुनावणीला कंपनीची माणसं एका रांगेत बसली होती. पुढे शहरातून आलेले दोघे कोट घालून, मग वकील, मग एक बाई, जिच्यासमोर लॅपटॉप उघडा होता, आणि अगदी शेवटी देवानंद. धनसिंग आला, पण गावकऱ्यांत न बसता मागे लिंबाखाली उभा राहिला. प्राची सुट्टी टाकून आली होती. ती मायच्या शेजारी बसली आणि गीताबाई दुसऱ्या बाजूला.

आधी कंपनीने पडद्यावर चित्रं दाखवली. शाळेच्या भिंती, डोळ्यांचं शिबिर, हसणाऱ्या बाया. त्यात काहीच खोटं नव्हतं. गीताबाईला नेणारी गाडीही त्यात होती. मग कोटवाल्यांपैकी एकाने मराठीत वाचून दाखवलं, की भादव्यातली घटना दुर्दैवी होती, एका कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे घडली आणि कंपनी गावाची क्षमा मागते.

"त्या कर्मचाऱ्याचं नाव?" अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकारी बाईंनी विचारलं.

"ते आम्ही अंतर्गत पातळीवर पाहतो आहोत."

"ते मी," भूपेंद्र म्हणाला. तो उभा राहिला तेव्हा सुकरामही सोबत उभा राहिला, आणि मग उगाच उभा राहिलो असं वाटून खाली बसला.

भूपेंद्र चांगला वक्ता नव्हता. त्याने पोळ्यापासून सुरुवात केली, मधेच विसरला, मागे गेला. तळं किती भरलं होतं, कोणाला सांगितलं, प्लांट का बंद झाला नाही, पाऊस कसा लागला, फोन कोणाचा आला. देवानंद सरांचं नावही त्याने घेतलं. "बांध फुटू नये म्हनून उघडला," तो म्हणाला. "टोली वाचली. तलाव गेला. दोन्ही माह्या हातानं झालं. पन तळं भरू दिलं ते माह्या हातानं नाही झालं. ते कोनी केलं, ते मले पन आयकाचं आहे."

ढिवरांच्या बाया मंडपाच्या कडेला उभ्या होत्या, त्यांच्यापैकी एकीने फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. मग चष्म्यावरून कंपनीच्या रांगेकडे पाहिलं. "कंपनीच्या वतीने याचं उत्तर कोण देणार?"

माईक पहिल्या कोटवाल्याच्या हातात दिला गेला. त्याने तो दुसऱ्याला दिला. दुसरा वाकून वकिलाशी काही बोलला आणि माईक वकिलाकडे गेला. वकील म्हणाला की लेखी उत्तर सादर करू. "लेखी द्याच," बाई म्हणाल्या, "पण लोक इथे बसलेत. त्यांना आता सांगा." वकिलाने माईक लॅपटॉपवालीला दिला. तिने तो हातात धरला, पडद्याकडे पाहिलं, जणू तिथे उत्तर असेल, आणि पुढे सरकवला. पुढे देवानंद होता. त्याच्यापुढे मंडपाचा बांबू होता.

दुर्पताबाईला वाटलं, हा माईक आता परत फिरेल.

देवानंद उभा राहिला. "व्हॉल्व उघडायला मी सांगितलं," तो म्हणाला. "भूपेंद्र खरं बोलतो आहे."

पहिल्या कोटवाल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. हा कोण, असं विचारल्यासारखी ती नजर होती.

"आणि प्लांट चालू ठेवा असं तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

देवानंदने आपल्या रांगेकडे पाहिलं. सगळे समोर पाहत होते.

"मला कोणी काही सांगितलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी विचारलं, थांबवू का. कोणी हो म्हटलं नाही. कोणी नाही म्हटलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचं, याचा त्या विचार करत असाव्यात. थोड्या वेळाने त्यांनी जसंच्या तसं लिहायला सांगितलं आणि लिहिणाऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना ते आणखीनच साधं वाटलं.

घरी जाताना सुकराम दुर्पताबाईच्या बाजूने चालत होता. "आता तरी म्हन, भौजी. राक्षस आहे का नाई?"

"राक्षस असता तं बरं झालं असतं, बाबू," ती म्हणाली. "राक्षसाले भूक लागते, राग येते, भीतीबी वाटते. त्याइले तं काहीच नाई झालं. तुम्ही पाहिलं ना त्याइचं तोंड?"

"वाईट तं आहे ना?"

"आहे," दुर्पताबाई म्हणाली. इतके दिवस तिला हा शब्द धड म्हणता आला नव्हता, कारण तो म्हटला की भूपेंद्र आणि प्राची त्यात येत होते. "वाईटच आहे. माणसं भले असले तरी."

धनसिंग त्यांच्या मागून येत होता. फाट्यावर भूपेंद्र कंपनीच्या रस्त्याला वळू लागला, गेटपास परत करायला, तेव्हा धनसिंगने त्याला थांबवलं. "मी येतो," तो म्हणाला, आणि दोघे बापलेक तिकडे गेले. परत आले तेव्हा धनसिंगच्या काखेत काचेची चौकट होती. घरात शिरताना त्याने ती उलटी करून धान्याच्या कोठीमागे ठेवली.

दुसऱ्या युनिटची परवानगी अडकली. किती दिवस अडकेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. त्याच आठवड्यात देवानंदला काढलं. प्राचीला कोणी काढलं नाही, पण तिने ऑफिसात एकटीने डबा खायला सुरुवात केली, आणि पुसाच्या महिन्यानंतर तिने स्वतःच राजीनामा दिला. भूपेंद्र धानाच्या कापणीला लागला, आधी सुकरामच्या बांधीत आणि मग आपल्या.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा पाण्याचा टँकर गावात आला, विहिरी नासल्यापासून रोज यायचा तसाच. दुर्पताबाईने आधी ठरवलं होतं की त्याचं पाणी घ्यायचं नाही. मग घरातली पाण्याची रिकामी गुंडं पाहिली आणि एक उचलून निघाली. रांगेत तिच्यापुढे गीताबाई होती.

टँकर चालवणारा मोनू पलीकडच्या टोलीचा. दुर्पताबाई पुढे आली तसा तो चुळबुळला. काल काय झालं ते त्याच्याही कानावर आलं होतं.

"काकी, मले काही बोलू नोका," तो म्हणाला. "मी नुसती गाडी चालवतो."

"तुले काही म्हनलं काय, बाप्पा?" दुर्पताबाईने गुंड टेकवलं. "पाइप सीधा धर. पानी सांडून राहिलं."